एकाच घरातली तीन पोस्टरं

थिएटरवाल्याला तीन जुन्या सिनेमांची हाताने रंगवलेली पोस्टरं हवी होती. एक प्रेमाचं, एक रडकं, एक भुताचं. "दारात शेजारीशेजारी लागणार. तिन्ही एकाच घरातली वाटली पाहिजेत," तो म्हणाला.

चित्रकाराने हे जरा जास्तच मनावर घेतलं. तिन्हींना एकच निळंकाळं आभाळ, एकच जाड अक्षर, आणि बाई? बाई घरातलीच. बायकोलाच बसवायचं त्याने ठरवलं.

बायको खूश झाली. ठेवणीतले कपडे घालून खिडकीपाशी बसली. लग्नानंतर प्रथमच नवरा तिच्याकडे इतका वेळ बघत होता. (तोही एक डोळा मिटून, पेन्सिल आडवी धरून.)

"जरा प्रेमाने बघ."

"कुठे?"

"माझ्याकडे."

तिने बघितलं.

"आणखी थोडं."

"आहे ते एवढंच आहे," ती म्हणाली आणि दूध उतू जातंय का बघायला निघून गेली.

मग प्रेमाची नायिका त्याने मनानेच रंगवली. झाली सुरेख, बायकोशी मात्र काडीचं साम्य नाही. रडक्या पोस्टरवरची बाई त्याने ओंजळीत तोंड लपवून बसवली. (तेवढीच एका चेहऱ्याची मेहनत वाचली.) भुताच्या वेळी मात्र कुणाला बसवावं लागलं नाही, की खोडरबर लागलं नाही. हात आपोआप चालला.

पोस्टरं भिंतीला टेकवून वाळत होती, तेवढ्यात सासूबाई आल्या. दोन ओलांडून थेट भुतापुढे थांबल्या. "अगंबाई! हुबेहूब आमची छकुली!"

छकुली बाहेर आली. आधी प्रेमाच्या पोस्टरपुढे उभी राहिली.

"ही कोण?"

"कुणी नाही. कल्पनेतली."

"आणि या भुतासाठी मी कधी बसले होते?"

इथे शहाण्या माणसाने उजेडाला दोष दिला असता. हा अभिमानाने म्हणाला, "बसायची गरजच पडली नाही. पाठ आहेस तू मला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं वाटायचं, तुमचं माझ्याकडे लक्षच नाही," ती हळूच म्हणाली. "होतं म्हणजे."

त्यानंतर घरात फक्त भांडी बोलायची. ताट आदळल्याचा आवाज आला, की जेवायला बसायचं. शेवटी त्याने भुताचा चेहरा खरवडून काढला आणि दाढीचा आरसा समोर ठेवून तिथे स्वतःचा रंगवला. निदान ती हसेल, अशी आशा होती. ती धुणं घेऊन त्याच्या पाठीमागून गेली, परत आली. मान वळली नाही.

थिएटरवाला आला. बराच वेळ बघत राहिला.

"भूत कुठाय?"

"हे काय."

"याला कोण घाबरणार? याला बघून तर पाणी पाजावंसं वाटतं!" मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "थांबा! हा रडक्या सिनेमाला घ्या. काही बदलू नका. केस तेवढे कापा."

इतक्यात बायको दारात आली. चक्क हसत होती.

"चहा घेणार ना?"

"हो, हो, घेतो की!" चित्रकाराने लगबगीने हात पुढे केला.

"तुम्हाला नाही विचारलं," म्हणत तिने कप थिएटरवाल्याच्या हातात दिला आणि ती आत गेली.

थिएटरवाल्याने एक घोट घेतला, चित्रकाराकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "अस्सेच उभे राहा. पोस्टरात हा भाव जरा कमी पडलाय."