डाव्या सीटवरचं पोतं

डॉक्टर राठोड आमच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी ओळख करून घ्यायला म्हणून फाटकातून आत शिरले आणि नमस्कार वगैरे न करता थेट आमच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायर आणि वरचा पत्रा यांच्या फटीत त्यांनी आधी बोटं घातली, मग मूठ घातली आणि दुखवट्याला आल्यासारख्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"पूर्ण मूठ जाते, वहिनी. म्हशीची वगार बसन यात."

मग नमस्कार केला.

डॉक्टर राठोड म्हणजे ढोरांचे डॉक्टर. निवृत्त होईपर्यंत उमरखेड तालुक्यातल्या निम्म्या गाई-म्हशी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. निवृत्तीनंतर माणसं वावर घेतात, नाहीतर तीर्थयात्रेला जातात. डॉक्टरांनी हैदराबादहून दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आणली. होती जुनीच, पण तोरा नव्या नवरीचा. ती मुळातच बुटकी, त्यात डॉक्टरांनी तिला आखूड स्प्रिंगा बसवून आणखी खाली आणली. दृष्ट लागू नये म्हणून पुढे लिंबू-मिरची बांधली, तर मिरच्या रस्त्याला घासून आठवड्यात अर्ध्या व्हायच्या. गतिरोधक आला की डॉक्टर तो असा तिरपा आणि सावकाश ओलांडत, की मागे एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकून जाई.

गाडी एवढी खाली बसवली की चाक पत्र्याला घासतं. मग नवी चाकं शोधावी लागतात. मुलीला स्थळ पाहावं तसा हा शोध तीन वर्षं चालला होता आणि कुठल्याच चाकाची पत्रिका जुळत नव्हती. कधी ऑफसेट आडवा येई, कधी टायरचं माप.

ऑफसेट म्हणजे काय, हे त्यांनी मला आमच्याच ओट्यावर चहा पिताना समजावलं होतं.

"चाक घरात कुठं बसते, थे ऑफसेट. आकडा कमी केला का चाक ओसरीवर येते. दिसाले झकास, पन येनाऱ्या-जानाऱ्याले धडकते. आकडा वाढवला का माजघरात जाते, मंग आतल्या सामानाले लागते."

"आणि टायर?"

"रुंद घेतला का रस्ता धरते, पन अंग फुगते. उंच घेतला का खड्डा गिळते, पन डोकं आढ्याले लागते. कायले सोपं हाय, वहिनी?"

मला यातलं अर्धंच कळे, पण ऐकताना मी थक्क होई. आमचे हे लग्नाआधीपासून गाडी चालवतात. गाडीला चाकं चार असतात, यापलीकडे त्यांना चाकाची माहिती नाही.

डॉक्टरांची परीक्षा घ्यायची पद्धतही त्यांचीच. पत्र्याच्या आतल्या कडेला ते ओली हळद लावत. फेरी मारून आले की टायरवर पिवळं लागलंय का पाहायचं. लागलं की चाक नापास, नखाएवढं लागलं तरी नापास. कधी ते आमच्या ह्यांना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवायला लावत आणि स्वतः स्टेथोस्कोप पत्र्याला लावून डोळे मिटून ऐकत. "खोकून राह्यली अजून," म्हणत आणि आणलेली चाकं परत पाठवत.

या सगळ्यात मला कोडं होतं ते एका पोत्याचं. प्रत्येक फेरीला डाव्या सीटवर ज्वारीचं पोतं असे, रीतसर पट्टा लावलेलं. एकदा आमचे हे हौसेने म्हणाले, मी बसतो. डॉक्टरांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुमचं वजन चालत नाही, भाऊ."

"आणि पोत्याचं चालतं?" मी विचारलं.

"रिकामी गाडी खोटं बोलते, वहिनी. वजन बसलं का खरं सांगते."

बायको गेल्यापासून डॉक्टर पोत्याला फिरवतात, असं गाव म्हणे. डॉक्टर गावालाही रिकाम्या गाडीचं तेच वाक्य ऐकवत.

एका सकाळी ते अंगणात पोत्याचं तोंड सोडून वाटीने ज्वारी परातीत काढताना दिसले. चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काल तांड्यावर गेलतो. याडीले तोलून आलो. आणखी कमी झाली."

याडी म्हणजे त्यांची आई. ढाणकीच्या पुढे तांड्यावर एकटी राहते. तिला ते दुकानातल्या धान्याच्या काट्यावर बसवून तोलत आणि तेवढी ज्वारी पोत्यात ठेवत. मी फाटकातच उभी राहिले आणि त्यांनी वाटी हातात धरून सगळं सांगितलं.

याडीचे गुडघे गेले होते. जीपची पायरी चढवत नव्हती, एसटीची तर नाहीच. ओट्यावर टेकावं तसं जिथे टेकता येईल, तिथेच तिला बसता येई. म्हणून ही बुटकी गाडी, म्हणून त्या आखूड स्प्रिंगा. तिला कायमची उमरखेडला आणायला ते पहिल्यांदा गेले, तेव्हा तांड्याच्या रस्त्यावर चाक पत्र्याला खर्रकन घासलं. याडीचे कान तिखट, तांड्याच्या पल्याडचं करडू ओरडलेलं तिला ऐकू येतं. आपल्या वजनाने पोराची गाडी मोडते, असं तिने धरलं. गाडी थांबवायला लावली, उतरली आणि काठी टेकत घरी परत गेली. नंतर बसलीच नाही.

"आमचे बुढे बैलाईच्या पाठीवर धान्य अन् मीठ वाहत फिरले," डॉक्टर म्हणाले. "ओझं बैलाले टोचू नये, एवढं पाहत. अन् माह्या गाडीत माही मायच ओझं झाली. आता गाडी वाजली नाही पाह्यजे. वाजली का थे उतरते, अन् मी या घरात एकटाच भिंतीशी बोलत राह्यतो."

चाकांच्या तीन वर्षांच्या त्या आकडेमोडीपुढे मी मनातून हात जोडले.

महिन्याभराने यवतमाळहून नवी चाकं आली. ऑफसेट वाढवलेला, टायर एका मापाने अरुंद. कमी केलेल्या पोत्यासकट डॉक्टर फेरी मारून आले आणि टायर कोरा निघाला. त्यांनी तिथेच नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी पोतं घरात ठेवलं, हळदीचं नवं बोट ओढलं आणि याडीला आणायला गेले.

दुपारी लाल गाडी वळणावर दिसायच्या आधी गाणं ऐकू आलं. डाव्या सीटवर चिमणीएवढी याडी गोरबोलीतलं, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीतलं, काहीतरी खड्या आवाजात गात होती आणि पुढच्या फळीवर हाताने ताल देत होती.

"पुऱ्या रस्त्यानं गात आली, वहिनी!" डॉक्टर म्हणाले. "बाप गेल्यापासून इतकी खुश मी तिले पाह्यलीच नाही." आणि दार उघडायला धावले.

मी याडीला हात दिला. ती सहज उठली आणि माझ्या कानाशी वाकली. आवाज पार बसला होता.

"वाजत होती वं गाडी. तांड्यापासूनच वाजली. त्याले आयकू जाऊ नाही म्हनून गात आली."

"मग उतरल्या नाहीत?"

"मागच्या खेपेले मले काट्यावर तोलता तोलता रडला थो. एकटा हाय वं पोरगा."

डॉक्टर तिला आत बसवून परत आले आणि सवयीने चाकापाशी उकिडवे बसले. टायरवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी टायर पुसला, चांगला गोल फिरून पुसला.

मायलेक एकमेकांशी गोरबोलीत बोलत, पण मला कळावं असं काही असलं की मराठीत. आतून बसक्या आवाजात मराठीत प्रश्न आला, "लागलं का रे काही?"

"कोरं हाय, याडी!"

पिवळा रुमाल घडी करून त्यांनी खिशात ठेवला. घरात जाऊन डाव्या सीटवरचं ते पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि मला विचारलं, "गिरनी चालू असंन ना वहिनी? भाकरीले पीठ नाही घरात."