कुमुदताई आणि बोटभर कटला

आमच्या घरी शिजणाऱ्या प्रत्येक माशाच्या पाठीला रुपयाएवढं भोक असतं. जेवायला आलेले पाहुणे दचकतात. आम्ही सांगतो, "काही नाही, शेजारच्या कुमुदताईंनी आधी बघितलाय."

कुमुदताई म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका. गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लावून एकट्या राहतात. घरात अंडंसुद्धा चालत नाही. पण रविवारी मासळी बाजारात पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्याच. माशाच्या पाठीचा तुकडा काढायचा, त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा आणि उरलेला मासा आमच्याकडे पाठवायचा. मासेवाल्या हसीनाभाभी एकदा वैतागल्या. "खात न्हाईसा, मग घेताय कशाला ओ ताई?"

"धागे मोजायला," ताई म्हणाल्या.

धागे म्हणजे स्नायूंचे. माणूस आपले बहुतेक धागे जन्माला येतानाच घेऊन येतो, पुढे ते नुसते जाड होतात. मोठ्या जातीच्या माशात मात्र नवे धागे येतच राहतात, म्हणून तो वाढतच राहतो. बारक्या जातीत हे काम लवकर आटोपतं. एवढं ज्ञान आमच्या गल्लीत आता कुत्र्यामांजरांनाही असेल. जिममधून दंड फुगवून येणाऱ्या एका तरुणाला ताईंनी रस्त्यातच थांबवलं, दंड दाबून बघितला आणि म्हणाल्या, "नवा एकही नाही हो यात. जुनेच जाड केलेत." तो बिचारा पुढे कित्येक दिवस लांब बाह्यांचे शर्ट घालत होता.

ताईंच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक कटला होता, मोठ्या जातीचा मासा. त्याची भावंडं तळ्यात हातभर झाली, हा हौदातच राहून गेला आणि बोटभरच राहिला, म्हणून अभ्यासाला आणलेला. आईबाप तेच, मग हा लहान का? ताईंचं मत पक्कं होतं. जनुकांची वाटणी झाली तेव्हाच याच्या वाट्याला कमी आलं, याचे धागे बंद पडलेत. खात्री करायची तर त्याला कापायला हवं होतं. ताई तारीख ठरवायच्या. पण कधी ब्लेड बोथट निघायचं, कधी आभाळ भरून यायचं आणि उजेड कमी पडायचा. अशी काही वर्षं गेली. कटला त्यांच्या बोटातून पोळीचा चुरा खायचा आणि ताई त्याला दिवसभराच्या बातम्या सांगायच्या. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

माझी बायको सुनीता एकदा बोलून गेली, "अहो ताई, एवढ्याशा पेटीत कुणाची वाढ व्हायची?"

"पेटीचा प्रश्न नाही. रक्ताचा आहे," ताई फणकारल्या. पुढचे दोन रविवार आमच्याकडे मासा आला नाही.

मग ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर पुण्याला भाच्याकडे राहावं लागणार होतं. पेटीतलं पाणी बदलणार कोण? गडहिंग्लजजवळ माझ्या मेव्हण्याचं, भैरूचं शेततळं आहे. त्यात सोडू या म्हणालो. ताईंनी बराच विचार केला. "चालेल. हाही प्रयोगच. वाढणार नाही तो, लिहून देते." ओळख पटावी म्हणून त्याच्या शेपटीच्या पराला बारीक खाच पाडली. खाच पाडून झाल्यावर त्याला पोळीचा चुरा दोनदा भरवला.

महिन्याचं वर्ष झालं. काठी टेकत का होईना, ताई चालू लागल्या, तेव्हा मी त्यांना गाडीत घालून तळ्यावर नेलं. भैरूनं जाळं ओढलं. चांदीसारखे मासे उसळत होते. ताई वाकून एकेक शेपटी बघू लागल्या आणि एकदम थांबल्या. खाच असलेला मासा त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरत होता.

"ह्यो तर नुसता खातोय की!" भैरू हसत म्हणाला. "पावणा म्हणून आला आन मालक झाला."

मला वाटलं, आता ताई खवळणार. आयुष्यभराचं मत पाण्यात गेलं होतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे धागे चालूच होते. जागाच नव्हती." मग पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी पोळीचा चुरा काढला आणि बोटं पाण्याशी नेली. कटल्यानं एक जोराचा फटका मारला, ताईंचा चष्मा भिजवला आणि जाळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला पळाला.

"सोडा त्याला," ताई म्हणाल्या.

भैरूनं जाळं सैल केलं. ताई बांधावर बसून चष्मा पुसत राहिल्या. पुसून झाला तरी पुसत होत्या. मग त्यांनी विचारलं, "भैरू, इथं हिवाळ्यात पाणी फार गार होतं का हो?"

"अवो ताई, मासा हाय त्यो!"

"ते माहीत आहे मला. गारठ्यात नवे धागे कमी येतात, म्हणून विचारलं," ताई म्हणाल्या आणि चुऱ्याची मूठ त्यांनी तळ्यात सगळीकडे जाईल अशी लांब फेकली.