पुलाचा दुसरा जिना

बाईंची पणजी सुईण होती. मूल जन्माला आले की त्याने पहिला टाहो फोडण्याआधीच ती त्याला "एवढा उशीर का रे केलास?" असे विचारी म्हणतात. आजी तारघरात होती. ज्या तारेत 'ताबडतोब निघा' एवढेच असे आणि कारण नसे, ती तार हातावेगळी करताना तिचा जीव खालीवर होई. आई रुग्णालयात परिचारिका होती आणि तिच्या चौकशांना कंटाळून रोगी लवकर बरे होऊन घरी जात. तीन पिढ्यांची ही चौकशी रक्तात मुरल्यावर बाई मुख्याध्यापिका झाल्या, यात नवल नाही. नवल हे की अशा बाईंची गाठ पडली ती सरकारी बांधकाम खात्यातल्या अभिलेखपालाशी. कोणता कागद कुठे आहे हे ज्याला ठाऊक असते आणि ते न सांगण्याबद्दल ज्याला पगार मिळतो, तो अभिलेखपाल. कचेरीत त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत. भाऊ घरीही ताकास तूर लागू देत नसत.

बाईंच्या खिडकीसमोर, हमरस्त्यावर, पायी जाणाऱ्यांसाठी एक पूल होता. बांधून अकरा वर्षे झाली होती. पूल चांगला रुंद होता, कठडे भक्कम होते, वर दिवेसुद्धा होते. अलीकडच्या बाजूला ऐसपैस जिना होता. पलीकडच्या बाजूला जिनाच नव्हता. नवखा माणूस उत्साहाने वर चढे, तरातरा चालत जाई, टोकाच्या कठड्याशी थबके, खाली दिसणारे वाचनालय आणि बसथांबा डोळे भरून पाही आणि मान खाली घालून परत येई. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई हे रोज पाहत होत्या.

"अहो, त्या पुलाला दुसरा जिना का नाही?" हा प्रश्न त्या सकाळच्या चहाबरोबर वाढीत.

"असेल काहीतरी."

"तुमच्याच खात्यानं बांधलाय ना?"

"हं."

"मग तुमच्याच खोलीत त्याचे कागद असतील."

"कागद काय, असतातच," असे म्हणून भाऊ कोट अंगात चढवत आणि कचेरीला चालू लागत.

एके दिवशी मात्र कहर झाला. पाठीवर लाकडी कपाट बांधलेला एक हमाल पूल चढला, टोकाला गेला आणि ते कपाट घेऊन तसाच खाली उतरला. घाम पुसत त्याने खिडकीत उभ्या असलेल्या बाईंना विचारले, "आजी, असं का हो केलंय?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. त्यांना ते इतके लागले की त्यांनी चपला घातल्या, छत्री घेतली आणि तडक मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीचे कार्यालय गाठले.

लोकप्रतिनिधी बाईंचाच विद्यार्थी होता. सात वर्षे शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसल्यामुळे शाळेत त्याचे नाव 'गप्प्या' पडले होते. सभागृहातही त्याने ते नाव चार वर्षे राखले होते. कोणी किती प्रश्न विचारले याची यादी नुकतीच वर्तमानपत्रात छापून आली होती आणि त्याच्या नावापुढे पूज्य होते. पुढल्या निवडणुकीत पक्ष उभे करील की नाही या काळजीने तो बसल्या जागी वाळत चालला होता.

"कागद घे," बाई म्हणाल्या.

"बाई, चहा तरी..."

"आधी कागद. लिही. बांधकाम मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय. एक, सदर पुलास पलीकडील बाजूस जिना नाही, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, त्याची कारणे काय आहेत. तीन, याबाबत दोषी व्यक्तींचा शोध घेऊन त्यांच्यावर कोणती कठोर कारवाई करण्यात आली वा येत आहे. चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत."

"बाई, 'कठोर' जरा जास्त होतंय. नुसती कारवाई चालेल."

"तुला चालेल. त्या हमालाला विचार. लिही, आणि ठ नीट काढ. सातवीतही असाच काढायचास."

गप्प्याने ठ नीट काढला, खाली सही केली आणि आयुष्यातला पहिला प्रश्न सभागृहात दाखल केला.

प्रश्न मंत्र्यांकडे गेला. मंत्र्यांना उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून तो सचिवांकडे गेला. सचिवांनी त्यावर 'तात्काळ' असे लिहून तो मुख्य अभियंत्यांकडे पाठवला. त्यांनी 'तात्काळ'खाली रेघ ओढली आणि तो आणखी खाली ढकलला. पुढच्याने ती रेघ लाल केली. त्याच्या पुढच्याने वर लाल चिठ्ठी डकवली. असा गडगडत गडगडत तो शेवटी अशा टेबलावर येऊन थांबला की ज्याच्या खाली माणूस उरत नाही, नुसते कागद उरतात.

त्या दिवशी भाऊ भर दुपारी घरी आले. बाई उठून उभ्याच राहिल्या. सदतीस वर्षांत हे गृहस्थ सासरे वारले तेव्हाच काय ते दुपारी आले होते.

"हा प्रश्न तू विचारलास?" भाऊंनी कागद पुढे केला.

"मी कशाला? लोकप्रतिनिधीनं विचारलाय. खाली त्याची सही आहे."

"गप्प्यानं? अगं, त्या पोरानं सात वर्षांत 'बाई, बाहेर जाऊ का' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं! तूच सांगत होतीस."

"बरं, मी विचारला. मग त्यात एवढं पांढरं पडायला काय झालं? उत्तर द्या आणि मोकळे व्हा."

भाऊ खुर्चीत बसले. "महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय. साहेब म्हणाले, ह्याचं उत्तर गेल्याशिवाय तुमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर मी सही करणार नाही. आणि पुलाच्या नकाशाची दोन पानं होती. पहिल्यावर पूल आणि अलीकडचा जिना. पलीकडचा जिना दुसऱ्या पानावर."

"आणि ते कुठंय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"कंत्राटदार आला, त्याला पहिलं पान दिलं. त्यानं दुसरं मागितलं नाही. तेवढाच पूल बांधून गेला." भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. "मी लिहितो, वाळवी लागली."

"वाळवी? पहिलं पान तसंच ठेवून नेमकं दुसरं खाल्लं? तुमच्या खात्यातल्या वाळवीला पान क्रमांक वाचता येतात वाटतं!"

"मग तूच सांग काय लिहू!"

"खरं लिहा. शेवटी ते पान कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या. कड फाटली होती. चिकटवायला घरी आणलं होतं."

"घरी. मग?"

"टेबलावर ठेवलं. सकाळी उठलो तर नव्हतं."

"मग कुणी घेतलं?"

भाऊ समोरच्या भिंतीकडे पाहू लागले. आपल्या प्रश्नांच्या इतिहासात बाईंना प्रथमच असे वाटले की याच्या पुढचा प्रश्न विचारू नये. पण पणजी, आजी आणि आई गप्प बसू देतील तर ना!

"अहो, कुणी घेतलं?"

"तुझी शिलाईची पेटी बघ," भाऊ हळूच म्हणाले.

पेटीच्या तळाशी कपडे बेतण्यासाठी कापलेल्या कागदांची पुडकी होती. अकरा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी बाईंनी भाऊंचा कोट स्वतः बेतला होता आणि शिवला होता. त्याचे पुडके त्यांनी सोडले. पाठ निघाली, दोन्ही पुढचे भाग निघाले, बाह्या निघाल्या. बाईंनी बाहीचा कागद उजेडात धरला. मनगटापासून खांद्यापर्यंत, फिकट निळ्या रेघांनी, एकेक पायरी नीट आखलेला जिना चढत गेला होता.

बाई तो कागद घेऊन भाऊंकडे वळल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवशीच कळलं. तू कोट हातात घेऊन उभी होतीस. म्हणालीस, घालून बघा."

"आणि तुम्ही म्हणालात, छान झालाय."

"छानच झाला होता गं." भाऊंनी खाली पाहिले. "आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. तुला सांगितलं असतं तर तू तशीच साहेबांपुढे जाऊन उभी राहिली असतीस. लग्न आठ दिवसांवर होतं. नोकरी गेली असती. नंतर पूल उभा राहिला. मग काय बोलणार?"

"अकरा वर्षं मी रोज सकाळी विचारत होते!"

"म्हणून तर लवकर कचेरीला जात होतो."

बाईंनी तिसऱ्या उपप्रश्नावर बोट ठेवले. दोषी व्यक्तींचा शोध घेऊन. कठोर. तो शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग त्यांनी सगळे तुकडे पुडक्यात बांधले, पेटीतली कात्री पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "उठा. कोट घाला."

"अगं, कुठं?"

"साहेबांकडे. विद्यार्थ्यांना मी छत्तीस वर्षं सांगत आले, काच फोडली असेल तर स्वतः येऊन सांगा. माझी काच जरा मोठी आहे, एवढंच."

कार्यकारी अभियंता तरुण होता आणि वैतागलेला होता. टेबलावर पाठ, पुढचे भाग आणि बाह्या मांडल्यावर तो आणखी वैतागला.

"हे काय आहे, भाऊ?"

"नकाशा आहे, साहेब. पान दोन."

"ह्याला हात कसे फुटले?"

बाईंनी सर्व हकीगत सांगितली, उभ्याने, एका दमात, कुणाच्या मध्ये बोलण्याला वाव न देता. भाऊ तोवर खळ आणि पातळ कागद घेऊन कोपऱ्यात बसले. फाटके कागद सांधण्यात त्यांचा हात धरणारा त्या कचेरीत कोणी नव्हता. तासाभरात कोटाचा पुन्हा नकाशा झाला. फक्त वरच्या कोपऱ्यात वीतभर लांबीचे, वाकडे भोक राहिले.

"सही नाही," साहेब म्हणाले. "मंजुरीची सही ह्याच कोपऱ्यात असते. सही नसेल तर हा नकाशा नाही, शिंप्याचा कागद आहे. माफ करा भाऊ, ह्यावर मला तुमचे कागद पुढे पाठवता येणार नाहीत."

भाऊ खळीने बरबटलेली बोटे पुसत राहिले. बाईंनी भोकाचा आकार नीट पाहिला. तो त्यांच्या ओळखीचा होता. ती कॉलर होती.

"अहो, वळा."

"का गं?"

"ह्या कोटाची कॉलर ताठ राहावी म्हणून मी आत कागद घातला होता. वळा म्हणते ना!"

साहेब, दोन कारकून आणि दारातला शिपाई पाहत राहिले. बाईंनी चष्मा सावरला, भाऊंची मान एका हाताने पुढे दाबली आणि दुसऱ्या हातातल्या कात्रीने कॉलरची शिवण उसवायला सुरुवात केली. "हलू नका. मान कापली तर निवृत्तिवेतन मला मिळेल." तो कोट बाईंनी कधी धोब्याला दिला नव्हता, ब्रशने झाडून वापरला होता. कॉलरमधून घडीचा पिवळा कागद सुखरूप बाहेर आला. त्यावर शिक्का होता आणि शिक्क्यावर सही होती.

"अरे देवा!" शिपाई म्हणाला. "त्या वर्षी लेखापरीक्षणात ह्या सहीसाठी आम्ही तीन दिवस कपाटं उपसली होती. भाऊ आमच्याबरोबर शोधत होते, हाच कोट घालून! काखेत कळसा नि गावाला वळसा!"

साहेबांनी सही निरखली आणि त्यांचा चेहरा पालटला. ही सही करणारे अभियंते चढत चढत आता सचिव झाले होते. प्रश्नावर पहिले 'तात्काळ' त्यांनीच लिहिले होते.

"भाऊ, तुमचे कागद आणा," साहेब घाईघाईने म्हणाले आणि उभ्याउभ्याच त्यांनी निवृत्तिवेतनाच्या कागदांवर सही केली. "नकाशा मंजूर आहे, संपूर्ण आहे. जिना बांधून टाकू. आणि तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर: प्रश्न उद्भवत नाही."

"कसा उद्भवत नाही?" बाई कडाडल्या. "दोषी व्यक्ती तुमच्यापुढे उभी आहे!"

"बाई, शोध घेऊन कारवाई, असं प्रश्नात लिहिलंय. तुम्ही आपणहून आलात. शोध घेतलाच नाही, तर कारवाई कसली?"

प्रश्नाची ही रचना बाईंचीच होती. पण शिक्षेवाचून सुटणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. जिना पुरा होईपर्यंत त्या रोज सकाळी पुलाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या आणि चढू पाहणाऱ्या प्रत्येकाला म्हणाल्या, "परत फिरा. पलीकडे जिना नाही. माझ्यामुळे." कोणी कारण विचारले तर त्या ते पहिल्यापासून सांगत. पाच महिन्यांत पुष्कळांनी कारण विचारले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची बस चुकली.

जिना झाला. गप्प्या आला, साहेब आले. फीत कापल्यावर सगळे बाजूला झाले आणि पहिला मान बाईंना दिला. बाई कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावले टेकवत, सावकाश उतरल्या. मागून भाऊ उतरले, उसवलेल्या कॉलरचाच कोट घालून. ती शिवून देते म्हटले तरी त्यांनी शिवू दिली नव्हती. वाचनालयासमोरच्या पदपथावर पाय टेकताच बाई साहेबांकडे वळल्या.

"गावाचा एक जिना अकरा वर्षं माझ्याकडे राहिला होता. आज परत केला. पोच द्या."

साहेबांनी गप्प्याकडे पाहिले. गप्प्याने, सवयीप्रमाणे, तोंडावर बोट ठेवले.

तेव्हा भाऊंनी खिशातून कागद काढला, वाचनालयाच्या कठड्यावर टेकवला आणि आपल्या घोटीव अक्षरात लिहिले: 'जिना एक, सर्व पायऱ्यांसह, मिळाला. बाकी काही नाही.' खाली त्यांनी तारीख घातली, सही केली, आणि तो कागद दोन्ही हातांनी बाईंना दिला.