नैसर्गिक प्रसूती (पूर्वनियोजित)

निसर्ग हा मुळातच बेशिस्त असतो आणि त्याला वळण लावणे हे प्रत्येक सुसंस्कृत संस्थेचे कर्तव्य आहे. पाऊस कोणाच्या हातात नाही, रानडुकरे कोणाला जुमानत नाहीत. पण बाळंतपण चार भिंतींच्या आत होत असल्याने त्याबाबतीत तरी काही करता येते. यवतमाळातल्या एका खाजगी प्रसूतिगृहाने ते करून दाखवले. राजदीप हा त्या योजनेचा पहिल्या तुकडीतला लाभार्थी. (बायकोचे नाव फॉर्मवर दुसऱ्या पानावर होते.)

राजदीप बाभुळगावला एका सरकारी कचेरीत नियोजनाचे टेबल सांभाळायचा. त्याच्याकडची फाइल आजवर कधी हरवली नाही, कारण ती टेबलावरून कधी हललीच नाही. बायकोला, म्हणजे प्रियंकाला, दिवस गेल्याचे कळले तेव्हा त्याने आधी एक फाइल उघडली आणि मग तिच्यासाठी चहा टाकला. हा क्रम तो स्वतःच कौतुकाने सांगायचा.

प्रियंकाचे म्हणणे साधे होते. तिची थोरली बहीण शीला हिचे सिझर शनिवारी दुपारी, डॉक्टरांना लग्नाला जायचे होते म्हणून, तातडीने झाले होते. "मले उगाच पोट फाडून घ्याचं नाही," प्रियंका म्हणाली. "गरज पडली तं पडली. पण काय होऊन राह्यलं ते मले सांगत जा. अन् भेव वाटलं तं जवळ राहा." राजदीपने पहिले वाक्य लिहून घेतले. बाकीची धोरणात्मक नव्हती.

पहिल्या वाक्यासाठी योजना तयारच होती. चौदा पानांची पुस्तिका, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पानावर झोपलेले बाळ. 'नैसर्गिक कक्षा'च्या भिंतींवर जंगल रंगवलेले होते. स्पीकरवर झरी जामणीच्या रानातले पक्षी बोलत, आणि मधूनच समुद्राची लाट येई. नैसर्गिक प्रसूती मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहा ते चार. प्रसूत होणारीने टेबलावर उताणे झोपून राहावे. चालणे, उकिडवे बसणे, वारंवार पाणी मागणे असल्या गोष्टींनी नैसर्गिकतेत व्यत्यय येतो. ओरडणे ऐच्छिक, परंतु शेजारच्या खोलीचा विचार करून. पुस्तिकेप्रमाणे येथील नैसर्गिक प्रसूतींचे प्रमाण शंभर टक्के होते. (ज्यांचे सिझर झाले त्यांची वही वेगळी होती.)

नवऱ्याला या योजनेत 'सहप्रवासी' म्हणत. त्याला श्वास घेण्याचे सहा तास होते. राजदीपने एकही तास चुकवला नाही आणि दीर्घ श्वासात तो तुकडीत पहिला आला. प्रियंका मागे पडली. तिला आठवा लागला होता आणि जिना चढूनच दम लागायचा.

समुपदेशक खुशी मॅडमनी मंगळवारची तारीख दिली. बाळाने मात्र रविवार धरला.

सकाळी नऊला कळा सुरू झाल्या तसा राजदीपने फोन लावला.

"सर, तुमचं मंगळवारी आहे ना?" खुशी मॅडम म्हणाल्या.

"हो, पण तिले आत्ताच कळा येऊन राह्यल्या."

"त्यांना जरा रिलॅक्स करा. रविवारी आपल्याकडे नॅचरल बंद असतं. सिझर चालू आहे. ते चोवीस तास असतं."

राजदीपने फोन ठेवला आणि शक्य तितक्या सौम्यपणे विचारले, "परवापर्यंत थांबता येईन काय?"

प्रियंकाने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेला पुस्तिकेत रकाना नव्हता. "गाडी काढा," ती म्हणाली.

मोठ्या डॉक्टरीणबाई नागपूरला 'निसर्गाकडे परत' या विषयावरच्या परिषदेत होत्या. ड्यूटीवरच्या सिस्टरने तपासले, ठोके ठीक आहेत म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावायला गेली. काउंटरवर राजदीपपुढे दोन फॉर्म आले. सिझरचा एक पानी, एक सही. सुटीच्या दिवशी विनानियोजन नैसर्गिक प्रसूती करण्याच्या विशेष परवानगीचा सहा पानी, अकरा सह्या. राजदीप बायकोच्या शब्दाला जागला. त्याने सहा पानी घेतला आणि खुर्ची ओढून बसला.

तिसऱ्या पानावर 'कारण' असा रकाना होता. त्याने लिहिले, 'कळा येत असल्यामुळे.' ते फारच खाजगी वाटले. खोडून त्याने 'उद्भवलेली परिस्थिती विचारात घेता' असे केले आणि त्याला बरे वाटले.

"अहो," आतून प्रियंकाचा आवाज आला, "मले उताणं सोसत नाही. खाली बसू द्या ना."

राजदीप उठून दारापर्यंत गेला. त्याने पुस्तिकेतला नियम तिला वाचून दाखवला, नीट, शब्द न गाळता, आणि परत येऊन चौथे पान घेतले.

तेवढ्यात बिजलीबाई पोछा घेऊन आत आली. ही तिथली सफाई कामगार. तिच्या तांड्यावरची निम्मी लेकरे तिच्या हातावर आली होती, पण अर्जात तसा रकाना नसल्याने ती पोछा मारत होती. तिने प्रियंकाकडे एकदा पाहिले, बादली भिंतीशी सरकवली आणि हात धुतले.

"उतर माय खाली," ती म्हणाली. "धर माह्या खांद्याले. घाबरू नको, मी हावो."

फोन संपवून सिस्टर आत आली तेव्हा प्रियंका बिजलीबाईच्या गळ्यात हात टाकून उकिडवी बसली होती. सिस्टर शहाणी होती. तिने पुस्तिका न उघडता हातमोजे चढवले.

राजदीप पुन्हा दाराशी आला. "अजून चार सह्या आहेत," त्याने कळवले.

"करा भाऊ तुमी," बिजलीबाई मान न वळवता म्हणाली. "आमी इकडचं पाहतो."

नवव्या सहीला रडणे ऐकू आले. राजदीपने घड्याळ पाहून वेळ टिपून घेतली आणि उरलेल्या दोन सह्या करून मगच आत गेला. अर्धवट फॉर्म त्याने आयुष्यात कधी सोडला नव्हता. मुलगी होती.

सोमवारी समिती बसली. प्रश्न असा की झालेली प्रसूती नैसर्गिक धरावी काय? टेबल वापरलेले नाही. पक्षी लावलेले नाहीत (स्पीकरची किल्ली सुटीवर). वार चुकलेला. समितीने सव्वा तास विचार करून ती 'इतर' या सदरात टाकली. बिजलीबाईला पोछ्याच्या वेळेत प्रसूती केल्याबद्दल खुलासा मागितला गेला.

"पोरगी येऊन राह्यली होती," ती म्हणाली. "मंग मी काय फरशी पुसत राहू?"

उत्तर मुद्द्याला धरून नसल्याने तिला ताकीद मिळाली. ताकीदपत्रावर घटनेचा साक्षीदार लागत होता. राजदीपने सही केली. नोंद खरीच होती, शुद्धलेखनही चोख होते, मग का नाही करायची? सहप्रवासी म्हणून त्याचे प्रमाणपत्र मात्र मंजूर झाले.

मंगळवारी प्रियंकाला प्रसूतिगृहातून सुटी मिळायची होती. राजदीप व्हरांड्यात फोनवर उभा होता. सकाळपासून बाभुळगाव, राळेगाव, पुणे असे एकेचाळीस फोन झाले होते.

"नॉर्मल का सिझर?"

"नॉर्मल."

"मुलगी का? बरं, बरं. वजन?"

"दोन किलो आठशे."

"वा. कोणावर गेली?"

आत बिजलीबाई कामावरून घरी निघताना खाटेपाशी थांबली. ताकीद घडी करून तिने कमरेला खोचली होती. "पोरी," ती म्हणाली, "तुले कसं वाटून राह्यलं?"

 प्रियंकाने बिजलीबाईचा हात धरला आणि ती बोलायला लागली. कुठे दुखते आहे, कशाचे भेव वाटले, कोणत्या क्षणी आपण यातून वाचत नाही असे वाटले, आणि त्या क्षणी दाराकडे पाहिल्यावर काय दिसले, हे सगळे तिने सांगितले. चांगले पाऊण तास सांगत होती. त्यातले एक अक्षरही या हकीकतीत देता येत नाही, कारण राजदीप तेव्हा बाहेर होता.

आणि वाचकहो, तुम्हीही त्याच्याबरोबर बाहेरच होता. वजन कळल्यावर तुमचेही समाधान झाले होते.