वानखेडेंचं मार्जिन

शेजारच्या बाईला तिचं वजन विचारणारा पुरुष मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमचे वानखेडे. मी क्वार्टरच्या मागे कपडे वाळत घालत होते. वानखेडे कुंपणाशी आले, खाकरले आणि म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. तुमचं वजन किती?"

"कावून? मले विकाचं आहे काय?"

"नाई, मोटारीत मांगच्या सीटवर बसवाचं आहे."

आमचे हे आत पेपर वाचत होते. ते हसले, पण बाहेर आले नाहीत.

वानखेडे आमच्याच गल्लीतले, पोलादाच्या प्लांटात नोकरीला. माणूस वाईट नाही, पण "मार्जिन" या एका शब्दाने पार बिघडलेला. गाडी अकराची असली की हे आठलाच दुर्ग स्टेशनावर. सोबत दोन छत्र्या, एक उडाली तर दुसरी. विचारलं तर म्हणायचे, "आमच्या शॉपमधी दहा टनाचं काम असंन तं तीस टनाची साखळी लावतात. मार्जिन ठेवा लागते." घरात तीन माणसं होती तेव्हाही चहा पाचांचा टाकायचे. बायको सुमन होती तोवर जादाचा चहा कुंपणावरून माझ्याकडे यायचा. ती गेली, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. जादाचा चहा मोरीत जायचा, पण टाकायचे पाचांचाच.

एकच मुलगी, नलू. वर्ध्याला दिलेली. तिला चौथा महिना लागला तेव्हा वानखेडेंनी व्याह्यांना लिहिलं की पहिलं बाळंतपण माहेरी करू, सातव्यात पाठवा. व्याह्यांचं उत्तर आलं, ते वानखेडेंनी मला वाचून दाखवलं. दोन हरकती होत्या. एक, घरात बाईमाणूस नाही. दोन, दुर्ग स्टेशनापासून क्वार्टरपर्यंत रस्त्यात खड्डे फार, पोरीला धक्का बसेल.

"मंग काय लिहिता?" मी विचारलं.

"बाईमाणसाचं माह्या हातात नाई," ते म्हणाले. "धक्क्याचं आहे."

मोटार होतीच. एका रिटायर होऊन गेलेल्या साहेबाकडून घेतलेली जुनी, पांढरी, चार दारांची. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे जुडगे असतात, त्यांना मिस्त्री लोक पाटे म्हणतात. ते इतके बसले होते की मागून मोटार उकिडवी दिसायची. वानखेडेंनी पॉवर हाऊस बाजारातल्या सरदारजी मिस्त्रीकडून पाटे वाढवून घेतले. मिस्त्री म्हणाला एक पुरे, हे म्हणाले तीन लाव, मार्जिन ठेवा लागते. मिस्त्रीने हात जोडले, "साहब, कार है, वैगन नहीं है." पण लावले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझं वजन विचारायला आले. नलूचं पत्रातून कळलं होतं, अठ्ठावन्न. मला माझं माहीत नव्हतं. राशनच्या दुकानात नेऊन त्यांनी मला गव्हाच्या काट्यावर उभं केलं. मागे रांगेतल्या बाया बघत होत्या. चौसष्ट भरलं.

"सहा किलो जादा," वानखेडे खूश झाले. "मार्जिन."

"अहो, तर मंग रेतीचं पोतं ठेवा सीटवर."

"पोतं बोलत नाई, वहिनी. कुठं धक्का बसला, कमरेत का मानेत, हे मले कोण सांगणार?"

मी बसले. मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला दिला. नेहरू नगरपर्यंतही गेलो नसू, अर्धा पेला माझ्या पातळावर आणि डोकं टपाला. मोटार नव्हती ती, ताठ मानेचा बैल होता. रिकामी असली की आणखी उडायची. मी म्हटलं, "पोरगी यात बसली तर रस्त्यातच बाळंत होईल."

त्यांनी वहीत लिहिलं, "डोके. टप."

मग जादाचे तिन्ही पाटे काढले आणि जुन्यांतलाही एक कमी केला. आता मऊ झाली, पण इतकी मऊ की बोरसीच्या कच्च्या रस्त्यावर माझे चौसष्ट किलो घेऊन मोटारीचं पोट जमिनीला घासलं. वहीत दुसरी ओळ, "पोट." मी म्हटलं, "कोणाचं ते पण लिहा, नाहीतर लोक वाचतील." वानखेडे हसले नाहीत. दर सकाळी चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून अंतर मोजायचे. चार बोटं, साडेतीन बोटं. येणारे-जाणारे विचारत, "काय पाहून राहिले, वानखेडे?" ते म्हणत, "बसली का नाई ते."

शेवटी नागपूरला एक कारागीर सापडला. तो धक्का पेलणाऱ्या शॉकपच्या भोवतीच स्प्रिंग चढवून द्यायचा, जशी मोटरसायकलला मागे असते तशी. खाली पितळेची चाकी. चाकी फिरवली की स्प्रिंग कसली जाते, उलटी फिरवली की सैल. बसवायला सरदारजीने तीन दिवस घेतले. मग रोज संध्याकाळी मी पेला घेऊन मागे बसायची आणि वानखेडे चाकी अर्धा अर्धा फेरा फिरवायचे. मोहन नगरकडच्या सगळ्या खड्ड्यांची मला नावानिशी ओळख झाली. एक दिवस स्टेशनापर्यंत जाऊन परत आलो आणि पेल्यातलं पाणी फक्त हललं. वानखेडेंनी तो पेला माझ्या हातातून घेतला आणि तेच पाणी उभ्यानं पिऊन टाकलं.

"आता लिहा व्याह्यांना," मी म्हटलं.

ते लिहायला बसले. गाडी, स्प्रिंग, चाकी, दोन पानं झाली. पहिल्या हरकतीवर एक अक्षर नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण उत्तर कुठं अपुरं आहे ते मला कळतं. म्हटलं, "खाली लिहा, शेजारी बाईमाणूस आहे. चार बाळंतपणं केलेली. वजन चौसष्ट."

त्यांनी वजनासकट लिहिलं.

आठ दिवसांनी होकार आला. ज्या दिवशी नलू येणार होती, त्या दिवशी दुपारच्या गाडीसाठी वानखेडे मला घेऊन सकाळीच स्टेशनावर. जावई सोडायला आला होता, तो पुढे बसला. मी आणि नलू मागे. आणि वानखेडेंनी मोटार काढली ती इतकी हळू, की भाजीची टोपली लावलेला एक सायकलवाला आमच्या पुढे गेला, थांबला, खिडकीत वाकून म्हणाला, "का होगे साहब, बिगड़ गे का?" वानखेडेंनी नुसती मान हलवली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. जावयाने दोनदा घड्याळ पाहिलं. नलू माझ्या खांद्यावर झोपून गेली, ती क्वार्टर आल्यावर मी उठवलं तेव्हा उठली.

तिला आत निजवून मी बाहेर आले. वानखेडे पुन्हा चाकाशी बसले होते, बोटं घालून. मला राहवलं नाही.

"अहो वानखेडे, एवढ्या चालीनं यायचं होतं तर त्या जुन्या, बसलेल्या पाट्यांवर पण ती सुखात आली असती. नागपूर कशाला आणि माझं वजन कशाला?"

"हो," ते म्हणाले. "ते मले पहिल्याच हप्त्यात समजलं होतं."

"मंग?"

त्यांनी बोटं बाहेर काढली, विजारीला पुसली.

"मंग ती येईस्तोवर तीन महिने मी काय केलं असतं, वहिनी?"

आतून कपबशांचा आवाज आला. नलू उठली होती, चहा टाकत होती.

"हात धुवा," मी म्हटलं, "आणि आत चला. पोरगी थांबली आहे."