गुंडूरावांची अपुरी जखम

आजार ही रुग्णाची खाजगी बाब आहे, हा गैरसमज अलीकडे फारच बोकाळला आहे. आजार समाजाचा असतो. रुग्ण तो आपल्या सर्वांतर्फे भोगतो, इतकंच. याच तत्त्वावर बेंगळूरच्या शिवाजीनगरात आमचं रुग्णभेट मंडळ चालतं, आणि मी त्याचा चिटणीस आहे. आपल्या जुन्या मराठी घरांत कुणी आडवं झालं, की मंडळ डझनभर मोसंबी घेऊन पोचतं, स्वतःच्या ऑपरेशनांच्या आठवणी सांगतं आणि कॉफी पिऊन परततं. (मोसंबी मंडळाची, कॉफी रुग्णाची.)

आमच्या कार्यपद्धतीत जखमेला फार मान आहे. वीतभर असेल तर तीन महिने पूर्ण सहानुभूती. चार बोटं असेल तर दीड महिना. पट्टीच दिसत नसेल तर 'टेन्शन घेऊ नका' एवढा सल्ला. याबद्दल आजवर तक्रार आलेली नाही. एक-दोघांनी तोंड उघडलं होतं, पण त्यांची भूल उतरली नसावी असं ठरलं.

अशा सुरळीत कारभारात कापडदुकानवाल्या गुंडूरावांनी खोडा घातला. त्यांच्या मणक्यातली गादी सरकून शीर दबली होती. डावा पाय इतका बधिर, की चप्पल रस्त्यात कुठे गळून पडली हेही त्यांना कळत नसे. सर्जननी दुर्बिणीतून, नखाएवढ्या भोकातून काम उरकलं. दुसऱ्या दिवशी गुंडूराव चालत घरी आले. डाव्या तळव्याला फरशीचा गारवा लागला, तेव्हा दारातच रडले म्हणे. ते सगळं ठीक. पण मंडळाने बघायचं काय?

रविवारी आम्ही चौदा जण गेलो. दार खुद्द गुंडूरावांनीच उघडलं, तिथेच निम्म्या सभासदांचा विरस झाला. ज्येष्ठ सभासद जमनाबाईंनी त्यांना सदरा वर करायला लावला.

"एवढंच? मला डास याहून मोठं चावतो, अण्णा."

"आत पुष्कळ काम केलंय, अक्का. सहा आठवडे वजन उचलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. गादी परत सरकली तर पाय जाईल म्हणतात."

"डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात," मंडळाचे वैद्यकीय सल्लागार रघुनंदन म्हणाले. (ते इलेक्ट्रॉनिक सिटीत लिफ्टची देखभाल बघतात.)

प्रकरण एकमताने किरकोळ ठरलं. कॉफी झाली. कॉफीनंतर पाणी लागतं, आणि पाण्याचा कॅन रिकामा झाला. नवा, वीस लिटरचा, दाराशी उभा होता. गुंडूरावांच्या पत्नी तुंगाबाई आत पोहे परतत होत्या. रघुनंदनांचा खांदा धरला होता. आमचे सभासद संताजी इस्त्रीच्या शर्टात होते. माझ्या हातात मोसंबी होती. आम्ही सगळ्यांनी गुंडूरावांकडे पाहिलं.

चांगल्या जखमेचा माणूस अशा वेळी कण्हतो आणि सुटतो. गुंडूरावांपाशी कण्हण्याला पुरावा नव्हता. तसा माणूस भिडस्त.

"सरी, बरं, आणतो की. स्वल्प थांबा," म्हणाले आणि वाकले.

"अहो, नको!" तुंगाबाई झारा घेऊनच बाहेर धावल्या, पण कॅन तोवर कमरेपर्यंत आला होता.

गुंडूरावांनी तो एक थेंब न सांडता स्टँडवर नीट बसवला. (याची मंडळाने प्रशंसा केली.) मग भिंतीला धरून आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिले. तुंगाबाई खाली बसून त्यांचा तळवा चोळत "कळतंय का? आता कळतंय का?" असं विचारत होत्या. आम्ही पाणी प्यालो.

त्याच आठवड्यात दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी सर्जनना पाठ चांगली उघडावी लागली. जमनाबाईंनी पट्टीवरून वीत लावून पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळाने गुंडूरावांना तीन महिन्यांची पूर्ण सहानुभूती मंजूर केली आहे. ती आणखी वाढवावी असंही काहींचं मत आहे. कॅन हल्ली संताजी उचलतात, इस्त्रीच्या शर्टात.

टाके एकवीस पडले. तुम्ही मघापासून तेच शोधत होतात, म्हणून सांगितलं. पायाचं तुम्ही विचारलं नाहीत. आम्हीही अजून विचारलेलं नाही.