चाचणीपुरती वाफ

चिमीचा नेब्युलायझर ठणठणीत होता; गेला होता तो त्याचा अडॅप्टर. मृत्यू आकस्मिक म्हणता येणार नाही. चिमीचे बाबा कोणतेही उपकरण भिंतीपासून सोडवताना प्लगला हात लावत नाहीत, वायर धरून ओढतात. ‘निघतंय ना?’ हे त्यांचे त्यावरचे तत्त्वज्ञान. त्या सकाळीही निघाले. फक्त वायर हातात आली आणि प्लग भिंतीत राहिला.

चिमी अजून नीट बोलत नव्हती, पण हवा बदलली की तिची छाती बोलू लागे. मांजर घुरघुरावी तसा आवाज येई. मग मास्क लावून औषधाची वाफ द्यायची, की पोरगी मोकळी होई आणि त्या मास्कलाच पापी देई. सकाळची वाफ झाली होती, संध्याकाळची व्हायची होती. तेवढ्यात एक अडॅप्टर आणायचा, काम एवढेच.

“आणायचा कशाला?” बाबा म्हणाले. “आपल्याकडे पोत्याने पडलेत.” आणि त्यांनी कपाटाचा खालचा कप्पा फरशीवर उपडा केला. कोण कुणाचा याचा पत्ता नसलेले काळे ठोकळे बाहेर पडले. एकही बसेना. कारण नेब्युलायझरचे भोक पंचकोनी होते.

“जगात गोल भोकं संपली होती का?” चिमीच्या आईने विचारले.

“सुरक्षिततेसाठी असतं ते,” बाबा म्हणाले. कंपनीच्या पत्रकात तसे छापलेच होते. शिवाय यंत्राच्या पाठीवर व्होल्ट किती हवेत ते लिहायच्या जागी लिहिले होते, ‘फक्त आमचाच अडॅप्टर वापरावा.’

बाजारातल्या दुकानदाराने ते भोक डोळ्याजवळ धरले आणि दुखवटा असल्यासारखी मान हलवली. “ताई, हे तोंड आपल्याकडे नाही. घासून बसवून देऊ का? चाललं तर चाललं.”

“आणि नाही चाललं तर?”

“तर नवीन यंत्र आहेच की आपल्याकडे!”

तिने चिमीला कडेवर सावरले आणि थेट कंपनीचे सेवा केंद्र गाठले.

सेवा केंद्र थंडगार होते. भिंतीवर एका बाळाचा छताएवढा फोटो होता. त्याला कधी खोकला झाला असेल असे वाटत नव्हते. त्याच्याखाली पडताळणी अधिकारी बसले होते. अतिशय सभ्य गृहस्थ. इतके सभ्य, की त्यांच्यावर ओरडायचे म्हटले तरी आपलीच लाज वाटावी.

“अडॅप्टर हवा होता,” ती म्हणाली.

“अवश्य. त्याआधी यंत्र चालू आहे का ते बघावं लागेल. बंद यंत्राला आम्ही अडॅप्टर देत नाही, मॅडम. वाया जातो.”

“पण ते बंद आहे ते अडॅप्टर नाही म्हणूनच.”

“तो निष्कर्ष आम्ही काढायचा,” अधिकारी हसून म्हणाले. “तुम्हीच काढलात तर आम्ही इथे कशाला?”

त्यांनी यंत्र चाचणीच्या टेबलावर नेले. तिथे एक अडॅप्टर होता. काळा, पंचकोनी टोकाचा, आणि टेबलाला साखळीने बांधलेला. तो जोडताच यंत्र गुणगुणू लागले.

“अभिनंदन! यंत्रात काहीही दोष नाही.”

“मग द्या ना अडॅप्टर.”

“तिथेच तर अडचण आहे. अडॅप्टर दुरुस्तीच्या सदरात येतो, आणि दुरुस्ती बिघडलेल्या यंत्राची होते. तुमचं तर उत्तम चाललंय.”

“बरं, बिघडलंय असं समजा.”

“बिघडलेल्या यंत्राला अडॅप्टर देऊन उपयोग काय?”

तिने दोन्ही वाक्ये मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यांच्यामधून सुई जाईल एवढीही फट नव्हती. “मग नुसता अडॅप्टर विकत द्या. यंत्राचं नावच घेऊ नका.”

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच व्यथा उमटली. “मॅडम, अडॅप्टर हा यंत्राच्या कुटुंबातला घटक आहे. लेकराला आईपासून तोडून विकायचं, हे आमच्या धोरणात बसत नाही.”

हे ऐकून चिमीला खोकल्याची उबळ आली. थांबेना. ओठ कोरडे पडले, पोट आत ओढले जाऊ लागले. समोर यंत्र, त्यात वीज, पिशवीत औषध, आणि मध्ये टेबल!

“तिला इथेच वाफ देऊ द्या हो.”

“उपचारांना इथे परवानगी नाही,” अधिकारी कळवळून म्हणाले. “चाचणीला आहे.”

“चाचणी म्हणजे?”

“यंत्र चालवून बघणं.”

“औषध घालून? मास्क लावून?”

अधिकाऱ्यांनी क्षणभर छताकडे पाहिले. “तसं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे मनाईही कुठे लिहिलेली नाही.”

मग चाचणी झाली. चिमीची छाती हळूहळू मोकळी झाली, तिने मास्कला पापी दिली. अधिकाऱ्यांनी डोळे टिपले. “आणखी चाचणी करावीशी वाटली तर केव्हाही या. चाचणी मोफत असते.”

चिमीच्या आईने त्यांना हात जोडले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “देवमाणूस गं. आजकाल कोण एवढं करतं?” बाबांनाही ते पटले. अडॅप्टर मिळालेला नाही, हे त्या आनंदात कुणाच्या लक्षात आले नाही.

मग ती सकाळ-संध्याकाळ चाचणीला जाऊ लागली. तिथे आणखी एक आई येऊ लागली, तिच्यामागून एक आजोबा स्वतःच्याच छातीची चाचणी करायला येऊ लागले. बाबांची वायर ओढायची पद्धत सर्वत्र सारखीच असावी, कारण गर्दी वाढतच गेली. कंपनीने बाक टाकले. भिंतीवर ससे चिकटवले. मोठे साहेब येऊन ‘घरापेक्षा घरपण’ अशी पाटी लावून गेले.

सेवा केंद्रात अडॅप्टर मागायला आता कुणी येईना. साहजिकच मुख्य कार्यालयाने तशी नोंद घेतली, की अडॅप्टरची मागणी शून्यावर आलेली आहे. पुढच्या यंत्राच्या खोक्यात अडॅप्टर दिलाच नाही. त्याऐवजी जवळच्या चाचणी कक्षाचा नकाशा दिला.

“खोकं किती आटोपशीर झालंय बघ,” बाबा कौतुकाने म्हणाले. तोपर्यंत त्यांनी बिऱ्हाड चाचणी कक्षाच्या मागच्या गल्लीत हलवले होते. घर अंधारे होते, पाणी चढत नव्हते; पण जवळ पडत होते. आजकाल लोक घर बघताना आधी तेच विचारतात.

चिमीच्या आईला आता तिथे मान होता. कुणाची चाचणी आधी, कुणाची नंतर हे तीच ठरवी. अधिकारी म्हणत, “मॅडम आहेत म्हणून शिस्त आहे.” ती संकोचून म्हणे, “अहो, तुमच्यामुळेच तर आमची लेकरं श्वास घेतायत.”

एका संध्याकाळी एक नवी बाई आत आली. खांद्यावर मूल, त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती. तिने रांग पाहिली, बाक पाहिले, ससे पाहिले, साखळी पाहिली. मग ती मोठ्याने म्हणाली, “अहो, एक डबी आणि हातभर वायर! देत का नाहीत हे? आपण सगळ्यांनी मिळून मागू या ना!”

चाचणी कक्ष चिडीचूप झाला. यंत्रसुद्धा दबकून गुणगुणले.

चिमीची आई उठली. “हळू बोला, बाई. ऐकलं त्यांनी, तर ही सोयही बंद करतील.”

“सोय? अहो, हे यंत्र माझं आहे!”

“आमचंही आमचंच आहे. आम्ही काय वेड्या आहोत? एवढं सगळं फुकट करतात बिचारे.”

“बरं, भांडत नाही. फक्त मला पुढे जाऊ द्या. याला श्वास लागलाय.”

चिमीच्या आईने मुलाकडे पाहिले. त्याचे पोट आत ओढले जात होते. ते कसे दिसते, हे तिच्याइतके त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते. तिने क्षणभर चिमीला छातीशी धरले. पुढचाच नंबर चिमीचा होता.

“सगळ्यांचीच लेकरं आहेत,” ती मायेने म्हणाली. “रांग तिकडून आहे.”

नवी बाई मागे वळली. कुणी तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून एकेका चेहऱ्याकडे बघत, एकेका बाकाशी थांबत ती रांगेच्या शेवटाकडे गेली. आजोबांनी डोळे मिटले. त्यांच्या मागच्या बाईने पदर सावरला. त्यांच्याही मागे तुम्ही होतात. ती तुमच्यासमोर जरा जास्तच वेळ थांबली, कारण तुम्ही शिकलेले दिसत होतात. तुम्ही मान खाली घातलीत आणि फोन काढलात. ‘आमची सेवा कशी वाटली?’ असा प्रश्न त्यावर आलेला होता.

तुम्ही पाचही तारे दाबलेत.